दर बुधवारी सांगितलेलं

"उद्या येऊ नका ताई, आजच या," सुमनवहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या, आणि मला पुढचं काही विचारावं लागलं नाही. मंगळवारची सकाळ होती. सुमनवहिनींचे यजमान सदाशिव कांबळे यांच्या घरी मी दर बुधवारी जात असे. गेली बारा-तेरा वर्षं, पावसापाण्याचं, दुखण्याखुपण्याचं काही न बघता. त्यामुळे बुधवार मोडून मंगळवारी बोलावलं म्हणजे काय झालं असणार, ते सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. कांबळ्यांच्या छातीत कफ साठून तीन दिवस घरघर चालली होती, पहाटे थांबली. त्यालाही आता सात आठवडे होऊन गेले. खरं तर मी लिहिणाऱ्यांतली नव्हे. आयुष्य टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून गेलं, तिथं दुसऱ्यांचं बोलणं जोडून द्यायचं आणि आपण गप्प बसायचं, हीच नोकरी. पण त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, विहारातल्या भन्तेजींचं बोलणं झाल्यावर, जेवणाच्या पंगतीत माझ्या मागे बसलेला आमच्याच खात्यातला एक जुना गृहस्थ शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "मानूस लाखात एक हुता. दारूनं डोस्कं गेलं बघ बिचाऱ्याचं." कांबळ्यांनी जन्मात दारूला हात लावलेला नव्हता. ही अफवा कुठून निघाली ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण तिचा पहिला दोर माझ्या हातात होता. म्हणून हे लिहिते आहे, सुमनवहिनींना विचारून.

आम्ही दोघं नव्वदच्या आधीपासून कोल्हापूरच्या ट्रंक बोर्डवर. आजच्या पोरांना सांगावं लागेल, तेव्हा मुंबई-पुण्याला बोलायचं तर आधी आमच्याकडे कॉल बुक करायचा. समोर भिंतीएवढा बोर्ड, त्यात शेकडो भोकं, आणि हातात वायरीच्या दोऱ्या. दिवा लागला की दोरी खुपसायची, "कोल्हापूर बोलतंय" म्हणायचं आणि ह्याला त्याच्याशी जोडून द्यायचं. मी उचगावची, शेतकऱ्याघरची. कांबळे मूळचे गडहिंग्लजकडच्या एका खेड्यातले. मी त्यांना सदाभाऊ म्हणायची. त्यांचं डोकं म्हणजे चालती डिरेक्टरी. गुळाच्या अडत्यांपासून डॉक्टरांपर्यंत, सगळ्यांचे नंबर पाठ. एखादा घाबरलेला माणूस यायचा, "वो, माझ्या मेव्हण्याला लावा की, लक्ष्मीपुरीत दुकान हाय त्येंचं," एवढ्यावर सदाभाऊ विचारायचे, "पत्र्याचं का कापडाचं?" आणि नंबर लावून मोकळे. आम्ही बाकीचे वही चाळत बसायचो. मला त्याचा हेवा वाटायचा, हे आज सांगायला हरकत नाही.

नाव सदाशिव, पण देवापुढे हात जोडायचे नाहीत. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न सालानंतर लगेच धम्म घेतलेला, घरातले देव नदीला पोचवलेले. "नाव तेवढं नदीत टाकायचं ऱ्हायलं," असं म्हणून स्वतःच हसायचे. आता आमचं ऑफिस म्हणजे कोल्हापुरातलं ऑफिस, वर्षाचे बारा महिने कुणी ना कुणी प्रसाद घेऊन येणारच. अंबाबाईचा, जोतिबाचा, नरसोबावाडीचा. सदाभाऊ कुणालाच नाही म्हणायचे नाहीत. दोन्ही हात पुढे करून घ्यायचे, "बरं हं" म्हणायचे, आणि देणारा वळला की टेबलाच्या खणात ठेवायचे. ड्युटी संपली की तो पेढा नाही तर खोबऱ्याचा तुकडा कागदात गुंडाळून माझ्या पुढ्यात. "घ्या. तुमच्या द्येवाचं तुम्हीच खावा." त्या काळात माझं वजन वाढलं त्याला जोतिबा आणि सदाभाऊ दोघंही सारखेच जबाबदार. एकदा मी म्हटलं, सरळ नको म्हणा की, कुणी काय फाशी देणार आहे? ते म्हणाले, "ताई, मला नको हाय, पर देनाऱ्याचा हात कशाला खाली पाडू?" मला तेव्हा ते नुसतं चांगुलपणाचं बोलणं वाटलं होतं.

मग तो चैत्रातला दिवस. जोतिबाची यात्रा नुकतीच होऊन गेलेली, एसटीत, रिक्षात, लोकांच्या कपाळावर सगळीकडे गुलाल. सदाभाऊ भावाकडे गेले होते, दुपारी चारची त्यांची ड्युटी होती म्हणून सकाळच्या गाडीनं गडहिंग्लजहून निघणार होते. मी बोर्डवर होते. दोनच्या सुमाराला दिवा लागला. एसटी स्टँडजवळच्या एसटीडी बूथचा मालक बोलत होता. "तुमच्या हापिसातला एक गडी हितं पडलाय बगा. खिशात तुमचं वळखपत्र गावलं. फुल टाइट हाय. गाडीतनं कंडक्टरनं धरून उतरवला, दोन पावलं झोकांड्या खाल्ल्या आन् भितीकडंला आडवाच झाला."

"नाव काय लिहिलंय?" मी विचारलं.

"कांबळे."

आता इथं मला नीट थांबून सांगायला हवं, कारण सगळं इथंच आहे. दहा वर्षं मी त्या माणसाशेजारी बसले होते. लग्नाच्या मांडवात, निवृत्तीच्या पार्ट्यांत लोक आडोशाला जाऊन घोट घेऊन यायचे तेव्हा हा माणूस पोरांना सरबत वाटत असायचा. तो पंचशील पाळायचा, आणि ते नुसतं म्हणायला नव्हे. हे सगळं मला माहीत होतं. आणि तरी त्या क्षणी माझ्या मनात काय आलं? "अरे देवा... हे पण!" एवढंच आलं. शंका आलीच नाही. जणू आतमध्ये कुठंतरी मी ह्याची वाटच बघत होते. आणि लगेच माझा शहाणपणा जागा झाला, की ऑफिसात कळलं तर ह्यांची अब्रू जाईल, साहेब मेमो देईल, शिपाई पाठवला तर तो गावभर करेल. मी आवाज खाली घेऊन बूथवाल्याला म्हटलं, "झोपू दे त्यांना तिथंच. कुणाला काही सांगू नका. उतरली की जातील घरी." तो म्हणाला, "बरं बाई." मी दोरी काढली आणि पुढचा कॉल घेतला. मला वाटलं, मी मित्राची लाज झाकली.

चार वाजले, ते आले नाहीत. त्यांच्या जागी मीच बसले आणि रजिस्टरात किरकोळ रजा लिहून टाकली, तेही उपकार केल्यासारखं. साडेपाचला परत तोच बूथवाला. या वेळी आवाज वेगळा होता. "बाई, हितली झाडूवाली लई बोंब मारायलीया. म्हनती, ह्येच्या तोंडाला दारूचा वास न्हाय. तिनं वळवून कुशीवर घातलाय त्येला. व्हट निळं पडल्यात." मागून त्या बाईचा आवाज ऐकू येत होता, "वाकून कोन बगतंय व्हय रं? वाकून बगा की मुडद्यांनो!" ती बाई रोज स्टँड झाडायची, रोज दोन-चार दारुडे बाजूला सारायची, तिला वास कळत होता. साडेतीन तासांत शेकडो माणसं तिथून गेली, पण त्यांच्या तोंडाजवळ नाक नेणारी ती एकटीच. मी हेडसेट टाकून पळाले. ऑफिसपासून स्टँड रिक्षानं दहा मिनिटं. दोन वाजताही तो रस्ता दहा मिनिटांचाच होता.

सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं पहिला प्रश्न तोच विचारला, "पितात का?" सुमनवहिनी धावत आलेल्या, पायात चप्पल नव्हती, पण आवाज खणखणीत. "आमच्या घरात थेंब न्हाय डॉक्टर. कवाच न्हाय." डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली... नाही म्हणायला माझी जीभ रेटेना, कारण दुपारी मीच हो म्हणून बसले होते. सुदैवानं त्यानं माझ्यापेक्षा वहिनींवर विश्वास ठेवला. बॅटरीनं डोळे बघितले, बाहुल्या ताटलीसारख्या मोठ्या झालेल्या, जीभ कोरडी ठाक, श्वास मिनिटाला मोजके. म्हणाला, ह्यांना कुणीतरी काहीतरी खायला घातलंय. झोपेच्या गोळ्या, आणि बहुतेक धोतऱ्याचं बीही. घड्याळ, बॅग, बोटातली अंगठी गेलेली होतीच. गाडीत असे प्रकार होत होते म्हणे तेव्हा.

दोन दिवस ते बेशुद्ध होते. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले, आणि जे सुरू झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ते हवेत हात घालून काहीतरी चिमटीत धरायचे, ओढायचे आणि समोरच्या भिंतीत खुपसायचे. एक, दुसरं, तिसरं... घाम फुटलेला, नजर भिंतीवर. नर्सला वाटलं किडे दिसत असतील, त्या औषधानं तसं होतं. मला एका क्षणात कळलं. ते दोऱ्या जोडत होते. सगळ्या भिंतीवर त्यांना दिवे लागलेले दिसत होते आणि हा एकटा माणूस पुरा पडत नव्हता. "कोल्हापूर... बोला, कोल्हापूर बोलतंय... लाइनीवर ऱ्हावा, लाइनीवर ऱ्हावा..." वहिनी त्यांचे हात धरायला गेल्या तर ढकलून द्यायचे. शेवटी मी पलंगाजवळ जाऊन म्हटलं, "सदाभाऊ, माझी ड्युटी लागली. तुम्ही उठा आता." त्यांनी हात खाली घेतले, उशीवर डोकं टेकलं आणि झोपले. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन पोटभर रडले.

शुद्ध नीट आली तेव्हा गाडीत बसेपर्यंतचं त्यांना सगळं आठवत होतं, खाल्ल्याचंसुद्धा. शेजारच्या बाकावर नवराबायको होती, कपाळाला गुलाल. "पावण्यास्नी परसाद द्यायला गेलतो, आता माघारी निघालोय," असं म्हणून त्या बाईनं पेढा पुढे केला. सदाभाऊंनी नेहमीसारखा दोन्ही हातांत घेतला. वहिनींनी कळवळून विचारलं, "मग खाल्ला कशापायी वो? कवा न्हाय खात ते?" त्यांनी चादरीचं टोक ओढून सारखं केलं. मग म्हणाले, "खिशात ठेवायला गेलो. ती बाई म्हनली, आमच्या हातचं चालत न्हाय व्हय पावणं?... त्येवढंच म्हनली. मग खाल्ला."

वहिनी तोंडाला पदर लावून उठून गेल्या. मला उलगडेना. नंतर त्यांनीच सांगितलं. सदाभाऊ मॅट्रिक पास झाले तेव्हा त्यांच्या आईनं उसनं गूळ-शेंगदाणे आणून लाडू केले आणि पोराला घेऊन गुरुजींच्या घरी गेली. गुरुजींच्या घरच्यांनी लाडू सुपात घेतले, कौतुक केलं. मायलेकरं कोपऱ्यावर पोचली नाहीत तोवर मागे गोठ्यात ते लाडू म्हशीपुढे पडलेले पोरानं बघितले. आईनंही बघितले. तेव्हापासून ह्या माणसानं ठरवलं होतं, की आपल्या हातचं कुणी खात नाही असं कुठल्याही माणसाला आपल्यामुळे वाटता कामा नये. चोरांना हे काय माहीत? त्यांनी सहज एक वाक्य टाकलं आणि ते नेमकं ह्या माणसाला लागलं. दुसरा कुणी असता तर हसून नको म्हणाला असता.

डॉक्टरनं पुढे समजावून सांगितलं, की विष उतरलं पण त्या गुंगीत श्वास इतका मंद झाला होता की मेंदूला तासन् तास पुरेशी हवा मिळाली नाही, आणि नवं साठवून ठेवणारा भाग अशा वेळी सगळ्यात आधी मार खातो. "थोडं आधी आणलं असतं तर..." असं म्हणून तो थांबला. त्या तीन टिंबांत मी राहते आहे, इतकी वर्षं. सदाभाऊंचे हात थरथरायला लागले, पाऊल घासत पडायला लागलं, गिळताना ठसका लागायचा. पण खरा घाव डोक्याला होता. जुनं सगळं शाबूत, नवं काही टिकेना. सकाळी आलेला पाहुणा दुपारी परत नवा. बोर्डवर त्यांना बसवता येईना. वर्षभर खात्यानं टेबलाशी बसवलं, मग त्यांनी आजारपणाची निवृत्ती घेतली. तोवर तो बूथवाला नाही तर कंडक्टर, कुणाच्या तरी तोंडून "टाइट होता" हे ऑफिसात पोचलं होतंच. मला लोक विचारायचे, "खरं काय हो?" मी म्हणायची, "नाही, औषध घातलं होतं." पण फोन मी घेतला होता, हे कधी म्हणाले नाही. अर्धं सांगितलेलं खरं कुणाला पटत नाही.

पुढे शहरातले नंबर बदलले, आधी एक आकडा वाढला, मग अजून एक. त्यांच्या डोक्यातली डिरेक्टरी मात्र जुनीच राहिली. घरच्या फोनवरून ते जुना नंबर फिरवायचे, हा नंबर अस्तित्वात नाही अशी टेप ऐकायचे आणि रिसीव्हर ठेवून म्हणायचे, "बिझी हाय. मागनं लावू." वहिनी आतून म्हणायच्या, "लावा, लावा, कुनाची घाई हाय?" त्या घरात त्यांची कीव कुणी केली नाही. मुलगी शिकली, शिक्षिका झाली, आणि बापाला आपल्या नोकरीची बातमी रोज नव्यानं द्यायची. रोज त्यांचे डोळे भरून यायचे. "तेवढाच फायदा झाला बगा ह्या आजाराचा," वहिनी म्हणायच्या.

मी बुधवारी जायची. बुधवारी माझी सुट्टी असे, निवृत्तीनंतर सवय म्हणून तोच वार ठेवला. दोन वर्षं गेल्यावर एकदा धीर करून मी त्यांना सगळं सांगितलं. दोन वाजताचा फोन, मी काय म्हटलं ते, शब्दन् शब्द. ते ऐकत राहिले. मग थरथरता हात माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "मग काय झालं ताई? तुम्ही उचलला फोन ते बरं झालं. दुसऱ्यानं गावभर केलं असतं." त्या दिवशी मी घरी कशी पोचले मला कळलं नाही, इतकं हलकं वाटत होतं. पुढच्या बुधवारी गेले, तर चहा बशीत ओतता ओतता ते म्हणाले, "त्या दिवशी कुनी तुम्हास्नी कळवाय पायजे हुतं बगा ताई. तुम्ही पळत आला असता." त्यांच्या लेखी मी अजून काही सांगितलेलंच नव्हतं.

मग मी परत सांगितलं. आणि परत. मोजले नाहीत, पण पुष्कळ बुधवार झाले असतील. दर वेळी नव्यानं सांगायचं आणि दर वेळी ते नव्यानं माफ करायचे. कधी हसण्यावारी न्यायचे, कधी उलट माझीच समजूत घालायचे. एकदाच फक्त, एका दुपारी, ऐकून झाल्यावर ते हसले नाहीत. माझ्याकडे सरळ बघत म्हणाले, "ताई, बूथवाल्यानं नाव 'कुलकर्णी' सांगितलं असतं, तर झोपू दे म्हनला असता व्हय तुम्ही?"

उचगावात लहानपणी वस्तीकडच्या माणसांबद्दल जे ऐकत वाढले, ते मी कधी तोंडानं बोलले नव्हते, वागण्यातही दाखवलं नव्हतं. मला वाटत होतं ते गेलं. गेलं नव्हतं, दिवा लागायची वाट बघत होतं. "नसते म्हणाले," मी म्हटलं. त्यांनी तोंड फिरवलं आणि मी निघेपर्यंत बोलले नाहीत. पुढच्या बुधवारी दारातच, "या या ताई, आज उशीर केला?" त्यांचा राग ते विसरले होते. मला मात्र त्यांच्या सगळ्या माफ्यांपेक्षा तो एक राग खरा वाटत आला आहे. त्यानंतरही मी सांगत राहिले, पण तो प्रश्न त्यांनी परत विचारला नाही.

पुण्यानुमोदनानंतरच्या बुधवारी मी सवयीनं तिकडे गेले. खोली तशीच होती. खिडकीखाली फोनचं स्टूल, शेजारी त्यांची वेताची खुर्ची, हात टेकून टेकून गुळगुळीत झालेली. मी समोरच्या कॉटवर माझ्या नेहमीच्या जागी बसले. पंगतीतल्या त्या गृहस्थाचं बोलणं वहिनींना सांगितलं आणि म्हटलं, मी ह्याच्यावर काहीतरी लिहीन म्हणते, पेपरात, खरं काय ते. वहिनी आत चहा ठेवत होत्या. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"लिवा की," त्या म्हणाल्या. "खरं हाय ते समदं लिवा. फोनाचं बी लिवा."

मी चमकून वर बघितलं.

"मी आतच असायचो की ताई. भितीला काय कान नसत्यात, पर मला हायत. पयल्या खेपेपास्नं ऐकलंय मी." आवाजात राग नव्हता, पण मऊपणाही नव्हता. "येवढ्या वर्सांत येवढ्या येळा सांगितलासा, पर सांगितलासा कुनाला? इसरनाऱ्याला. जिच्या ध्येनात ऱ्हाईल तिला एकदाबी न्हाय सांगितलं."

ते खरंच होतं आणि ते मला इतकी वर्षं समजलं नव्हतं. ज्याच्यापाशी काही साठून राहत नाही, त्याच्यापाशी जाऊन मी दर आठवड्याला मोकळी होऊन येत होते आणि ह्या बाईच्या हातचा चहा पिऊन घरी जात होते. मी काही पुटपुटले असेन. वहिनींनी हातानं थांबवलं. आत जाऊन गॅस बंद केला, पदराला हात पुसत बाहेर आल्या, आणि सदाभाऊंच्या खुर्चीत माझ्यासमोर बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "आता मला सांगा."